गुरांनी राखलेलं रान

लंडनच्या दक्षिणेला, गॅटविक विमानतळापासून गाडीने साधारण अर्ध्या तासावर, वेस्ट ससेक्स परगण्यात क्नेप नावाची जमीनदारी आहे. क्षेत्र सुमारे १,४०० हेक्टर. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत इथे गहू, सातू, मका पिकत होता आणि दुभत्या गाईंचे मोठमोठे गोठे होते. आज उन्हाळ्यात तिथे पायी फिरायला गेलात, तर शेत कुठे संपलं आणि रान कुठे सुरू झालं हे कळत नाही. लांब वळणदार शिंगांची गाय रानगुलाबाच्या जाळीतून अंग काढत बाहेर येते. तांबूस केसांची डुकरं वाटेची कड उकरत पुढे सरकतात. ब्रिटनच्या बहुतेक भागांतून नाहीसे झालेले होले ओकच्या वाळक्या फांदीवर बसून घुमत असतात. आणि तरीही हे शेत आहे. इथली जनावरं दरवर्षी मोजली जातात, निवडली जातात आणि सुमारे ७५ टन मांस इथून बाजारात जातं.

निसर्ग राखायचा तर सगळ्यात आधी गुरं बाहेर काढायची, हे आपल्या मनात इतकं पक्कं आहे की चराईबंदीचा फलक आणि संरक्षित क्षेत्र यांची जोडी आपण गृहीतच धरतो. क्नेपने गुरं आत आणली आणि त्यांच्याकडूनच रान उभं करून घेतलं. हे कसं घडलं, ते नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण त्यात आपल्या माळरानांसाठीही काही आहे.

चार्ली बरेल यांना ही जमीन १९८७ मध्ये आजी-आजोबांकडून मिळाली, तेव्हा ते विशीत होते. शेती तोट्यात होती. त्यांनी एखादा होतकरू शेतकरी करेल ते सगळं केलं. गोठे एकत्र केले, नवी यंत्रं घेतली, खतं-औषधं वाढवली, आइसक्रीमही करून विकलं. उत्पादन वाढलं, पण पैसा उरेना. पंधराएक वर्षांत जेमतेम दोनदा हातात काही शिल्लक राहिली. अडचण मातीची होती. या भागात वर चिकणमाती आहे आणि ती खाली तीनशे मीटरपेक्षा जास्त खोल जाते. हिवाळ्यात तिचा असा राडा होतो की ट्रॅक्टर आत घालता येत नाही. उन्हाळ्यात ती वाळून कठीण होते आणि भेगाळते. हलक्या, निचऱ्याच्या जमिनीवरचा शेतकरी जेव्हा पेरणीला लागतो, तेव्हा क्नेपचा माणूस चिखल सुकायची वाट पाहत बसलेला असे. शेवटी २००० मध्ये दुभती जनावरं आणि अवजारं विकायला काढावी लागली. डोक्यावर पंधरा लाख पौंडांच्या घरात कर्ज होतं.

विचाराला वळण लागलं ते मात्र हिशेबाच्या वहीतून नव्हे, एका झाडापाशी. क्नेपमध्ये साडेपाचशे वर्षांचा एक ओक आहे. त्याची तब्येत बघायला १९९९ मध्ये टेड ग्रीन हे जुन्या वृक्षांचे जाणकार आले. त्या ओकपेक्षा त्यांना आजूबाजूच्या शेतांत उभे असलेले ओक खटकले. वयाने तरुण असूनही त्यांचे शेंडे वाळत होते. दुसऱ्या महायुद्धात अन्नधान्यासाठी ही कुरणं नांगरली गेली आणि तेव्हापासून नांगर थेट बुंध्यापर्यंत फिरत राहिला होता. झाडाची मुळं फांद्यांच्या घेरापलीकडे कितीतरी दूर पसरतात, आणि त्या मुळांना चिकटून जमिनीत बुरशीचे बारीक धागे असतात. हे धागे झाडाला पाणी आणि खनिजं पोचवतात आणि बदल्यात झाडाकडून साखर घेतात. नांगराच्या फाळाने, रासायनिक खतांनी आणि बुरशीनाशकांनी हे जाळंच तुटलं होतं. वरून हिरवं दिसणारं शेत खालून झाडांना उपाशी मारत होतं.

मग घराभोवतीच्या साडेतीनशे एकरांत नांगर थांबवून गवत पेरलं गेलं, हरणं सोडली गेली. याच सुमारास बरेल यांच्या वाचनात डच परिस्थितीशास्त्रज्ञ फ्रान्स वेरा यांचं काम आलं. युरोप माणसाच्या आधी घनदाट, सलग जंगलाने झाकलेला होता, असं सर्वसाधारणपणे मानलं जात असे. वेरा यांनी विचारलं: मग ओकचं काय? ओकच्या रोपाला भरपूर ऊन लागतं. दाट सावलीत ते जगत नाही. तरी युरोपात ओक सर्वत्र आहे. त्यांचं उत्तर असं की रानटी बैल, रानघोडे, हरणं, रानडुकरं यांचे मोठे कळप रान सतत खात, तुडवत, उकरत असत. त्यामुळे कुठे गवत, कुठे काटेरी जाळ्या, कुठे झाडांचे पुंजके असं सतत बदलत राहणारं मिश्र रान तयार होत असे. प्राचीन परागकणांचा अभ्यास करणाऱ्या काही शास्त्रज्ञांना हे चित्र पूर्ण पटलेलं नाही आणि तो वाद अजून चालू आहे. पण क्नेपला प्राचीन युरोप सिद्ध करायचा नव्हता. चरणाऱ्या जनावरांना मोकळं सोडलं तर या चिखलाच्या जमिनीचं काय होईल, एवढंच पाहायचं होतं.

रानटी बैल आणि युरोपातला मूळ रानघोडा आता पृथ्वीवर नाहीत. म्हणून त्यांच्या जागी जुन्या, काटक पाळीव जाती निवडल्या: इंग्लिश लाँगहॉर्न गाई, एक्समूरची तट्टं आणि टॅमवर्थ डुकरं. २००३-०४ मध्ये ती आली. हरणं होतीच. गोठा नाही, हिवाळ्यात वैरण घालणं नाही. जनावरांनी बाराही महिने उघड्यावर राहून आपलं आपण खायचं.

या सगळ्या प्रयोगात मला सर्वांत मोलाची वाटते ती एक गोष्ट थोडीशी योगायोगाने घडली. जमिनीच्या वेगवेगळ्या भागांना वेगवेगळी वागणूक मिळाली. मध्य आणि उत्तर भागात गवत पेरून लगेच जनावरं सोडली. दक्षिणेकडच्या साडेचारशे हेक्टरांसाठी कुंपणाचे पैसे नव्हते. तिथली शेतं २००१ पासून पाच-सहा वर्षांत एकेक करून, सर्वांत वाईट जमीन आधी या क्रमाने, नुसती पडीक टाकली गेली. गवतही पेरलं नाही. कुंपण होऊन जनावरं आत यायला २००९ उजाडलं. या मधल्या काळात बांधावरच्या झुडपांनी शेतात पाय पसरले. ब्लॅकथॉर्नने जमिनीखालून धुमारे सोडले, रानगुलाब आणि रानटी ब्लॅकबेरीच्या जाळ्या माजल्या, ओलसर जागी वाळुंजाच्या कुळातल्या सॅलोची रोपं दाटली. जनावरं आली तेव्हा त्यांच्यासमोर नुसतं गवत नव्हतं, लढायला तयार असलेलं काटेरी रान होतं. ती पाला ओरबाडतात, कोंब खुडतात, वाटा पाडतात. झुडपं काटे वाढवून आणि जास्त फांद्या फोडून उत्तर देतात. दोन्हींपैकी कोणीच पुरतं जिंकत नाही. क्नेपमधली सर्वांत श्रीमंत जीवसृष्टी आज याच दक्षिण भागात आहे. जिथे जनावरं पहिल्या दिवसापासून होती, तिथे कोवळी रोपं वर येण्याआधीच खाल्ली गेली आणि ती रानं बरीचशी गवताळच राहिली.

म्हणजे नुसतं गुरं असणं किंवा नसणं यावर काही ठरत नाही. ती कधी आली आणि किती आली, हे सगळं ठरवतं.

जाळीचं महत्त्व पाहायचं तर ओकचंच उदाहरण घ्यावं. कावळ्याच्या कुळातला जे नावाचा देखणा पक्षी शरद ऋतूत ओकची हजारो बोंडं उचलून मोकळ्या जागेत, बहुतेकदा काटेरी झुडपांच्या आसपास, जमिनीत पुरून ठेवतो. काही परत खातो, काही राहून जातात. राहिलेल्या बोंडाला कोंब फुटतो तो काट्यांच्या आडोशाने, गाई-हरणांचं तोंड पोचत नाही अशा जागी. काही वर्षांनी ओक जाळीच्या वर डोकं काढतो. कुठे प्लॅस्टिकच्या नळ्या नाहीत, मजूर नाहीत, वृक्षारोपणाचा समारंभ नाही.

प्रत्येक जनावराचं काम वेगळं आहे. गाय जीभ वेटाळून गवत उपटते, तट्टू दातांनी बुडापासून कातरतं, हरीण निवडून पाला खातं. गाईच्या पोटातून, खुरांतून आणि केसांतून दोनशेहून अधिक जातींच्या वनस्पतींच्या बिया इकडून तिकडे जातात. डुकराचं काम नांगराचं, पण थांबत-थांबत केलेलं. नाकाने उकरलेल्या ओल्या मातीवर सॅलोचं कापसासारखं बी पडलं तर रुजतं. गवताने झाकलेल्या जमिनीवर ते वाया जातं, आणि ते फार दिवस टिकतही नाही. या सॅलोच्या पानांवर पर्पल एम्परर नावाच्या फुलपाखराच्या अळ्या वाढतात. जांभळी झाक मारणारं, मोठं, भांडखोर असं हे फुलपाखरू फुलांकडे फिरकतही नाही. ओकच्या खोडातून पाझरणारा रस आणि जनावरांची विष्ठा हे त्याचं अन्न. दाट जंगलातलं म्हणून पुस्तकांत नोंदलेलं हे फुलपाखरू क्नेपच्या झुडपी रानात इतकं वाढलं की ब्रिटनमधली त्याची सर्वांत मोठी वस्ती आज इथे आहे. ते खरं तर झुडपी रानातलंच असावं. इंग्लंडने ती रानं साफ केल्यावर ते जिथे कसंबसं उरलं, तिथेच आपण त्याला पाहिलं आणि तेच त्याचं घर समजलो. नाइटिंगेलचीही तीच गोष्ट. जमिनीपर्यंत पदर टेकलेली दाट जाळी त्याला घरट्यासाठी लागते. १९९९ मध्ये क्नेपमध्ये त्याचे ९ टापू नोंदले होते, २०१२ मध्ये ३४. गेल्या पन्नासेक वर्षांत देशभरातले बहुतेक नाइटिंगेल नाहीसे होत गेले, हे लक्षात घेतलं की या आकड्याचं वजन कळतं.

शेण हा स्वतंत्र विषय आहे. बहुतेक ठिकाणी गुरांना जंतांसाठी आयव्हरमेक्टिनच्या गटातली औषधं नियमित दिली जातात. ती शेणातून बाहेर पडतात आणि शेणावर जगणारे भुंगेरे, माश्यांच्या अळ्या यांना मारतात. अशी शेणं शेतात कितीतरी दिवस तशीच वाळत पडतात. क्नेपमध्ये ही औषधं बंद झाली आणि शेणकिडे परतले. एका पोवट्यात २३ जातींचे किडे मोजले गेले आहेत. ते शेण जमिनीखाली ओढून नेतात, बोगद्यांतून हवा आणि पाणी आत जातं, गांडुळं वाढतात, आणि किड्यांवर पक्षी व वटवाघळं जगतात. गुरांना दिलेलं औषध कुठवर पोचतं हे आपल्याला नव्याने सांगायला नको. डायक्लोफिनॅकने आपली गिधाडं नेली, आणि २००६ मध्ये गुरांसाठी त्यावर बंदी येईपर्यंत आकाश जवळपास रिकामं झालं होतं.

आजूबाजूच्या लोकांना हे सगळं आवडलं असं समजू नये. पिढ्यान्‌पिढ्या नीटनेटकं राखलेलं रान गबाळं होताना पाहून अनेकांना राग आला. तण माजवलंत, शेजारच्यांच्या शेतात बी उडतं, घोड्यांना विषारी असलेली रॅगवर्ट वाढवलीत, अशा तक्रारी आल्या. २००९ च्या सुमारास थिसलच्या काटेरी रोपांनी एकरच्या एकर व्यापले, तेव्हा तर चालकांनाही घोर लागला. औषध फवारायचं की नाही? त्याच वर्षी आफ्रिकेकडून पेंटेड लेडी फुलपाखरांची प्रचंड लाट ब्रिटनवर आली. एक कोटीहून अधिक असावीत असा अंदाज होता. त्यांनी थिसलवर अंडी घातली, काळ्या केसाळ अळ्यांनी पानं फस्त केली आणि पुढच्या वर्षी थिसलचं ते रान जवळजवळ नाहीसं झालं. दर वेळी असं फुलपाखरू धावून येईल असं नाही. पण हात न लावता वाट पाहणं हीही शेतीतली एक कृती असू शकते, आणि ती सर्वांत अवघड आहे.

एक कृती मात्र क्नेपला टाळता येत नाही. इथे लांडगा नाही, त्यामुळे लांडग्याचं काम माणसाला करावं लागतं. नेदरलँड्समधल्या ओस्टफार्डर्सप्लासन इथे वेरा यांच्याच विचाराने घोडे, गाई आणि लाल हरणं कुंपणाच्या आत सोडली होती आणि संख्या निसर्गावर सोपवली होती. २०१७-१८ च्या हिवाळ्यात तिथे तीन हजारांहून अधिक जनावरं गेली. काही उपाशी मेली, बरीचशी मरणाच्या आधी गोळी घालून मारावी लागली. लोक कुंपणावरून गवताच्या पेंढ्या फेकत होते. क्नेपने तो मार्ग धरला नाही. दरवर्षी किती जनावरं राखायची ते ठरवून बाकीची मांसासाठी जातात. जास्त ठेवली तर रानाचं कुरण होईल, कमी ठेवली तर काही दशकांत सगळं झाकोळून दाट झाडी होईल आणि होले, नाइटिंगेल, फुलपाखरं निघून जातील. म्हणून मी याला शेतीच म्हणते. पीक बदललं आहे. नजर शेतकऱ्याचीच आहे.

पैशाचंही सांगायला हवं, कारण त्याशिवाय ही गोष्ट अपुरी आहे. उत्पन्नाचे मार्ग चार: निसर्गरक्षणासाठीचं सरकारी अनुदान, मांस, रिकाम्या झालेल्या गोठ्या-कोठारांची भाडी, आणि २०१४ पासून सुरू झालेल्या सफारी व तंबूतला मुक्काम. इझाबेला ट्री, म्हणजे चार्ली बरेल यांच्या पत्नी, यांचं ‘वाइल्डिंग’ हे पुस्तक २०१८ मध्ये आलं आणि पाहुण्यांची रीघ लागली. प्रत्येक शेतकऱ्याला असं करता येणार नाही. सगळ्यांनीच शेती रानाला दिली तर धान्य कुठून येईल, हा प्रश्नही रास्त आहे. क्नेपची माती गव्हाला कधीच साथ देत नव्हती. जिथे ती देते तिथे उत्तर वेगळं असायला हवं. असं उत्तर केंब्रिजशरमध्ये पाहायला मिळतं. पक्षिरक्षणाचं काम करणाऱ्या आरएसपीबी या संस्थेने तिथे २००० मध्ये १८१ हेक्टरचं होप फार्म विकत घेतलं आणि गहू पिकवणं चालूच ठेवलं. शरदात पेरलेला गहू मे-जूनपर्यंत इतका उंच आणि दाट होतो की चंडोलाला दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा घरटं करायला जागाच उरत नाही. म्हणून पेरताना हेक्टरी दोन छोटे चौकोन मोकळे सोडायचे, एवढं साधं काम. बांधाकडेला फुलझाडं आणि हिवाळ्यासाठी दाण्याच्या पट्ट्या ठेवल्या. चंडोलाच्या जोड्या दहावरून तिपटीच्या पुढे गेल्या आणि गव्हाची रास फारशी घटली नाही.

आपल्याकडे चराईबंदीचा सर्वांत मोठा धडा भरतपूरच्या केवलादेव घनाने दिला. १९८२ मध्ये तिथे गुरांना बंदी झाली. विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर गोळीबार झाला, त्यात माणसं गेली. पुढच्या काही वर्षांत पास्पॅलम गवताने पाणथळ जागा भरून टाकल्या. म्हशी जे गवत खाऊन पाणी मोकळं ठेवत होत्या, ते आता कोणी खाईना. पाण्याचा उघडा पृष्ठभाग घटला, मासे आणि पाणपक्ष्यांना फटका बसला. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या शास्त्रज्ञांनी ऐंशीच्या दशकभर तिथे अभ्यास केला आणि निष्कर्ष काढला तो म्हशींच्या बाजूने. पक्षी वाचवण्यासाठी घेतलेल्या निर्णयानेच पक्ष्यांचं पाणी गेलं होतं.

पुणे, सोलापूर, अहिल्यानगर या जिल्ह्यांतल्या माळरानांकडे बघताना मला हे सारखं आठवतं. चिंकारा, खोकड, धाविक, माळटिटवी यांना आखूड गवताची उघडी जमीन लागते. लांडगा तर पोटासाठी बराचसा धनगरांच्या मेंढरांवर अवलंबून असतो. सुगीनंतर शेतात मेंढरं बसवायची आणि त्यांच्या लेंड्यांचं खत घ्यायचं, ही आपली जुनी व्यवस्था. अशा माळावर खड्डे खणून गिरिपुष्पाची रांग लावली की कागदावर हिरवळ वाढते आणि जमिनीवरचा पक्षी जातो. दुसरीकडे, मेंढरं आणि शेळ्या वर्षभर एकाच जागी राहिल्या तर मुळापासून गवत जातं, हेही तितकंच खरं. धनगर पावसाळ्याआधी आणि नंतर वाटा बदलत, त्यामुळे माळाला विसावा मिळत असे. त्या वाटा आता फार्महाउसच्या प्लॉटांनी, कालव्यांनी आणि कुंपणांनी अडल्या आहेत. माळ वाचवायचा तर धनगराची वाटही मोकळी हवी.

ब्रिटनमध्ये असलेल्या किंवा तिकडे जाणाऱ्या वाचकांसाठी थोडं. लंडनहून हॉर्शमपर्यंत रेल्वे तासाभरात पोचवते. पुढे बस किंवा टॅक्सी. क्नेपमधून सुमारे २५ किलोमीटरच्या सार्वजनिक पायवाटा जातात, त्यांना तिकीट लागत नाही. ओकच्या झाडांवर बांधलेल्या माचांवर चढून रान वरून पाहता येतं. नाइटिंगेल ऐकायचा तर एप्रिलअखेर ते मे, तेही रात्री किंवा पहाटे. पर्पल एम्पररसाठी जूनअखेर आणि जुलै. पांढरे करकोचे मार्चपासून उन्हाळाभर ओकच्या शेंड्यावर घरटी करतात. भारतातही हिवाळ्यात येणारी ही जात. पोलंडहून आणलेल्या मादीने जोडीदारासह २०२० मध्ये इथे पिल्लं वाढवली, तेव्हा १४१६ नंतर ब्रिटनमध्ये रानात झालेल्या करकोच्याच्या पिल्लांची ती पहिली नोंद होती. वासरू बरोबर असलेल्या गाईपासून दूर राहावं. ती गरीब असते, पण तिथे तिला कोणी बांधलेलं नाही. दक्षिण भागातल्या जाळ्या आणि उत्तरेकडची गवताळ शेतं एकाच दिवशी, एकापाठोपाठ एक पाहावीत. फरक आहे तो जनावरं येण्याआधीच्या काही वर्षांचा.